पाणवठ्याकडचं दार

आमच्या वाडीतली पहिली पदवीधर मी. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुठं मी मिरवताना दिसले तर कुणाला नवल वाटायला नको. पोलादपूर सोडून कुडपणच्या अंगाला चढायला लागलं की डोंगराच्या कुशीत वाड्या विखुरल्यात, त्यांतलीच आमची एक. बाबांची शाळा चौथीला सुटली. आईनं शाळा पाहिली ती मला सोडायला आली तेव्हाच. मी महाडच्या कॉलेजात एसटीनं जाऊन-येऊन बी.कॉम. केलं. निकाल लागला तेव्हा बाबांनी देवळात नारळ फोडला आणि दिसेल त्याला सांगितलं, "पोरगी ग्रॅज्वेट झाली."

"म्हंजे काय झाली?" शेजारच्यांनी विचारलं.

"ते तिलाच विचारा," बाबा म्हणाले. "नारळ मी फोडलाय, पेपर तिनं लिवलेत."

पदवी घेऊन मी घरी भात लावत होते, तेव्हा मुंबईच्या मंडळाचा निरोप आला. आमच्याकडं घरटी एक तरी माणूस मुंबईला, आणि या मुंबईकरांचं एक मंडळ. देवळाचा रंग, शाळेची कौलं, सगळं तेच बघणार. मंडळातला एकजण ज्या ऑफिसात शिपाई होता, तिथले जुने संगणक निघणार होते, ते वाडीला मिळायचे होते. ठेवायला जागा नव्हती. तर मुंबई-पुण्याचे काही आर्किटेक्ट सुट्टीच्या दिवशी असल्या गावांसाठी फुकट इमारती आखून देतात असं कुणीतरी सांगितलं, आणि मंडळानं त्यांना गाठलं. राहिला प्रश्न शिकवायचा. महाडला डेपोजवळ मी संगणकाचा कोर्स केला होता. म्हणजे मीच.

मोबाईल तेव्हा महाडपर्यंत आले होते. वाडीत रेंज सोडा, विजेचा बल्बसुद्धा मनात आलं तर लागायचा. अशा ठिकाणी संगणक केंद्र! मला दिवसा स्वप्नं पडायला लागली.

माझ्यापेक्षा जास्त वहिनीला. माझा दादा मुंबईला आणि वहिनी आमच्याकडं. ती खेडच्या बाजूची, बारावी चांगल्या मार्कांनी पास, आणि जीभ अशी की मिठाला मीठ म्हणणारी. माझं कोर्सचं पुस्तक तिनं चुलीपुढं बसून इतकं चाळलं होतं की त्याची पानं पिठासारखी मऊ झाली होती. संगणक मात्र तिनं कधी बघितला नव्हता.

"वन्स, मला शिकवाल ना?" तिनं विचारलं.

"पहिला नंबर तुमचा."

"बघा हां. नायतर सगळ्या पोरांचे नंबर लागले की मग माझा."

आर्किटेक्ट दोघं आले. एक बाई, केस पिकलेल्या, पायांत बूट. आणि त्यांच्या हाताखालचा एक तरुण. वाडीनं दोघांनाही 'इंजिनेर' करून टाकलं. बाईंनी दोनतीनदा सांगून बघितलं, मग सोडून दिलं. बाई मात्र मनापासून काम करणाऱ्या. घरोघर गेल्या, पाटावर बसल्या, नाचणीची भाकरी खाल्ली आणि प्रत्येक बाईला विचारलं, "तुम्हाला केंद्र कसं हवंय?"

प्रत्येक बाई म्हणाली, "तुमी कराल ते चांगलंच."

पुढल्या खेपेला त्यांनी पुठ्ठ्याची छोटी इमारत करून आणली. काळ्या दगडाच्या भिंती, कौलं, भरपूर उजेड आणि सगळ्यात देखणं म्हणजे दर्शनी बाजू. देवळाच्या अंगणाकडं तोंड करून इमारतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रुंद पायऱ्या आणि बरोबर मधोमध दार. बाई म्हणाल्या, "तुमच्याकडं माणसं देवळाच्या अंगणात जमतात. तर इमारत त्यांच्याकडं पाठ करून का उभी राहील? लोक येता-जाता पायऱ्यांवर बसतील, बसता-बसता आत डोकावतील, डोकावता-डोकावता शिकतील."

थोरले काका, बाबांचे मोठे भाऊ, तेव्हा गावकीचे प्रमुख होते. त्यांनी पुठ्ठ्याच्या पायरीवर बोट ठेवून बघितलं. "बसायला झालं. बेस हाय."

मलाही ते बेसच वाटलं. घरी ती पुठ्ठ्याची इमारत वहिनीपुढं ठेवली. तिनं दार उघडून आत बघितलं, परत लावलं आणि म्हणाली, "चांगलं हाय." पाहुण्यानं आणलेली मिठाई शिळी निघाली की ती जसं म्हणायची, अगदी तसं. माझ्या ते लक्षात आलं नाही. मी हवेत होते.

मग आखणीचा दिवस आला. तरुणानं खुंट्या मारल्या, दोऱ्या ताणल्या, पांढरी फक्की सोडत सोडत जमिनीवर अख्खी इमारत काढली. इथं संगणक, इथं पुस्तकं, इथं मुलांनी चपला काढायच्या. पुढं पायऱ्यांच्या लांबच्या लांब पांढऱ्या रेघा. ते सगळं करून आम्ही जेवायला घरी गेलो.

परत येऊन बघतो तर काय! देवळाच्या अंगणात बसणारी मंडळी उठून फक्कीच्या रेघांत येऊन बसलेली. जमीन सपाट, पायरी अजून कागदावर, पण माणसं मात्र रांगेनं, पुढची ओळ, मागची ओळ, जणू पायऱ्यांवरच. गिरणीतून रिटायर झालेले, एमआयडीसीत रात्रपाळी करून आलेले, सगळे. तंबाखूची डबी एका रेघेतून दुसऱ्या रेघेत फिरत होती.

"अरे, ही बघ कशी जाते पायरी!" एकजण दुसऱ्याला सांगत होता. "पाय खाली सोड की. वर का घेतोस?"

"खाली जमीन हाय."

"आता हाय. मग नसंल."

तरुण आर्किटेक्टला तर आनंदानं काय करू आणि काय नको झालं. त्यानं फोटो काढले. "मॅडम, पायऱ्या बांधायच्या आधीच लोक बसले!" बाई हसल्या. मीही पोट धरून हसले.

तेवढ्यात घरांच्या बाजूनं वहिनी आली. डोक्यावर हंडा, मागं शेजारच्या दोन सुना. त्या पाण्याला निघाल्या होत्या. रेघांत बसलेली मंडळी दिसली आणि वहिनी न थांबता, नुसती मान वळवावी तशी वळली आणि करवंदीच्या जाळीतून, जागेच्या मागच्या अंगानं विहिरीकडं उतरली. मागच्या दोघीही तशाच.

आता हे मला नवीन नव्हतं. आमच्याकडं सून बसलेल्या वडीलधाऱ्यांच्या समोरून जात नाही. कुणी तसं लिहून ठेवलेलं नाही, कुणी सांगतही नाही. लग्न होऊन आल्या दिवसापासून तिचे पायच तसे वळतात. देवळाच्या अंगणात बाराही महिने कुणी ना कुणी बसलेलं, म्हणून सुनांची पाण्याची वाट मागून. मी लेक. लेकीला सगळं अंगण मोकळं. मी लहानपणापासून त्याच अंगणातून दप्तर उडवत गेलेली.

पण त्या दिवशी मी रांगेत बसलेल्या माणसांकडं बघितलं आणि मग दाराच्या रेघांकडं. दार त्या रांगेच्या बरोबर मध्ये होतं. माझं हसू जागच्या जागी थांबलं.

मी विहिरीवर गेले. वहिनी हंडा घासत होती.

"वहिनी, त्या दारातून तुम्ही येणार कशा?"

"आज विचारताय?"

"तुम्ही बोलला का नाहीत? बाई घरी येऊन विचारून गेल्या."

"त्या पाहुण्या. लांबून आल्या, आपल्यासाठी राबल्या. त्यांच्या तोंडावर नाय कोण म्हणल?" तिनं हंडा पाण्यात बुडवला. "तुमचं बरं हाय वन्स. तुमी लेकी, उड्या मारत जाल. आमी आत जायचं तर आधी सगळ्या सासऱ्यांना उठवा."

"मग तुमचा पहिला नंबर?"

"तो पुस्तकातच राहूद्या," वहिनी म्हणाली. हंडा तिनं डोक्यावर घेतला तेव्हा मला तिचं तोंड दिसलं नाही, एवढी तिनं मान तिकडं केली.

मी तडक बाईंकडं गेले आणि सगळं सांगितलं. त्यांनी वळून दाराच्या रेघांकडं बघितलं. मग म्हणाल्या, "पण मी प्रत्येकीला विचारलं होतं."

"विचारलंत. पण पाहुण्याला कुणी नाही म्हणत नाही आमच्यात."

"ती वाट दाखवा मला," त्या म्हणाल्या.

करवंदीतून जाताना त्यांची ओढणी काट्यांना अडकली. मी सोडवायला लागले तर म्हणाल्या, "थांबा," आणि तशाच अडकलेल्या उभ्या राहिल्या. आमच्या उजव्या हाताला आखलेल्या इमारतीची मागची भिंत, डाव्या हाताला खाली विहीर, आणि मधून सुनांच्या पायांनी गुळगुळीत झालेली वाट.

"वाडीतली सगळ्यात वापरातली वाट ही आहे," बाई म्हणाल्या, "आणि आम्ही तिच्याकडं पाठ केली. दार इथं हवं."

मागून आलेला तरुण म्हणाला, "मॅडम, ही पश्चिम आहे. पाऊस थेट अंगावर येईल."

"ते माझं काम आहे, मी बघते," बाई म्हणाल्या. मग माझ्याकडं वळल्या. "पण गावाला हे मी सांगणार नाही. मी सांगितलं तर सगळे पुन्हा 'चांगलं हाय' म्हणतील आणि मी गेले की दार परत पुढं जाईल. तुम्ही सांगा."

दिवेलागणीच्या आधी देवळात गावकी बसली. पुरुष आत, बाया बाजूच्या पडवीत, मध्ये भिंत आणि भिंतीला एक उघडं दार. मी त्या दारातच उभी राहिले, कारण मी नेमकं कुठं बसायचं ते कुणी कधी ठरवलंच नव्हतं. तिथूनच मी बोलले. दार देवळाकडं नको, पाणवठ्याकडं करा. नाहीतर निम्मी वाडी शिकायलाच येणार नाही.

"कोण येणार नाय?" काकांनी विचारलं.

"सुना."

"सुनांना काम्पुटर कशाला गो?" कोपऱ्यातून कुणीतरी बोललं. "भाकऱ्या काय त्याच्यावर भाजायच्यात?"

देऊळभर हशा पिकला. हशा ओसरायच्या आत पडवीतून, भिंतीच्या आडून, वहिनीचा आवाज आला. मोठा नाही, पण देवळात घुमला.

"वन्स, मामंजींना सांगा, पोरांचे बाप मुंबईला. घरात पोरांचा अभ्यास आमीच घेतो. उद्या पोरगं काम्पुटरचं काय विचारायला आलं तर आमी काय करायचं? देवळाकडं बोट दाखवायचं?"

हसू विझलं. आता इथं आमच्याकडची रीत सांगायला हवी. सून सासऱ्याशी सरळ बोलत नाही, मधल्या माणसाला सांगते. सासराही तिला सरळ बोलत नाही. दोघांना सगळं ऐकू येत असतं, तरी. पण तिनं रीत पाळून विचारलं की त्यानं रीत पाळून उत्तर द्यायलाच हवं. आणि थोरले काका रीतीचे इतके पक्के की त्यांना 'गप बस' असंही म्हणता येईना.

मी वळून म्हटलं, "काका, ती विचारते..."

"ऐकलं," काका म्हणाले. मग घसा खाकरून, "तिला सांग, शिकायला कोण नाय म्हणतंय? पण पुढची बाजू ती पुढची बाजू. उद्घाटनाला पुढारी येणार. त्यांना काय मागच्या दारानं न्यायचं?"

मी भिंतीकडं वळले. तोंड उघडायच्या आधीच उत्तर आलं. "मामंजींना सांगा, पुढारी एक दिवस येणार. आमी रोज येणार."

पडवीत बांगड्यांचा आवाज झाला. कुणीतरी कुणाला तरी कोपरानं ढोसलं असावं.

"तिला सांग," काकांचा आवाज आता चढला, "पश्चिमेला दार म्हंजे पाऊस सरळ आत. मशिनी भिजल्या तर?"

"मामंजींना सांगा, त्यांच्याच घरात जाऊन बघा म्हणावं. चुलीकडचं दार पश्चिमेलाच हाय. आजवर किती पावसाळे झाले, त्यांची भाकरी चुकली काय कधी?"

काकांनी "तिला सांग" म्हणून तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. सगळी गावकी त्या तोंडाकडं बघत होती. मी बिचारी एकदा इकडं, एकदा तिकडं मान फिरवून दमले होते.

"काका, काय सांगू?" मी विचारलं.

पहिले हसले ते माझे बाबा. मग सगळेच. भाकऱ्यांचा टोमणा मारणारासुद्धा हसला. काकांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. "तिला सांग," ते म्हणाले, "तिला बोलायला वकील लागत नाय."

मग बाई उठल्या. देवळातच कागद पसरून त्यांनी भराभर काढायला घेतलं. पाणवठ्याच्या बाजूला खोल पडवी. पडवीच्या तोंडाशी पावसाला अडवणारी एक उभी दगडी भिंत. दार त्या भिंतीच्या आडोशाला, कुशीला. म्हणजे वाटेवरून आलं की जरा वळायचं आणि आत. "तुमच्या स्वयंपाकघरांपुढं कारवीचा कूड असतो, तसाच हा, पण दगडाचा," त्या म्हणाल्या. आणि त्या भिंतीच्या मागं, कंबरेच्या उंचीला, एक रुंद दगडी कट्टा. "हंडे ठेवायला. डोक्यावर हंडा घेऊन कुणी टाईप करू शकत नाही."

काकांनी कागद फिरवून फिरवून बघितला. "आणि ह्या अंगाला आमाला काय?"

"मोठी खिडकी. आणि पायऱ्या तशाच. फक्त त्या कुठं जात नाहीत."

"बसायला?"

"फक्त बसायला."

काकांनी विचार केला. "नायतरी आमाला कुठं जायचंय?" ते म्हणाले आणि गावकी उठली.

अख्ख्या वाडीनं दगड वाहिला. आर्किटेक्ट मंडळी दर सुट्टीला यायची. पुढं पुढं बाईंचे बूट गेले आणि त्या आमच्यासारख्या चपलांवर चढायला लागल्या. संगणक महाडहून टेम्पोतून आले. टेम्पोवाले चाचा आमच्या वाडीच्या जुन्या ओळखीचे, त्यांचा मुलगा आखातात, महाडच्या सायबर कॅफेत बसून त्याच्याशी पत्रव्यवहार करणारे. त्यांनी टेम्पो पायऱ्यांपुढं लावला, इमारत वरपासून खालपर्यंत बघितली आणि ओरडले, "दरवाजा कुठं हाय? बांधायचा विसरलात काय रं?"

पायऱ्यांवरची सगळी रांग एकदम मागं बोट करून म्हणाली, "तिकडून!" एवढ्या ऐटीत, की जणू ही अक्कल त्यांचीच.

त्या आषाढात पाऊस असा लागला की विहिरीवर जायलाही धीर होईना. मी आणि वहिनी एकच इरलं ओढून घेत केंद्रावर गेलो. दगडी भिंतीवरून पाणी नुसतं वाहत होतं. भिंत वळून आत गेलो. वहिनीनं दाराच्या फळीवर हात फिरवला, मग उंबऱ्यावर, मग माझ्यापुढं तळहात धरला. कोरडा. रस्ता सुरू झाल्यावर मी पोलादपूरला जाऊन एसटीडी बूथवरून बाईंना फोन लावला. "दार कोरडं हाय!" मी ओरडले. पलीकडं त्याही ओरडल्या. बूथवाला माझ्याकडं बघतच राहिला. त्याला वाटलं असेल, लॉटरी लागली.

सुना पाण्याला म्हणून निघायच्या आणि हंडा कट्ट्यावर ठेवून आत यायच्या. पाणी घरी पोचायला उशीर व्हायचा, पण कुणी फार बोललं नाही. शिकायला येणारे पुरुष मात्र भिंतीच्या वळणाशी थांबून खाकरायचे आणि आतून कुणी "या" म्हटल्यावरच आत शिरायचे. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. बाजू बायांची आहे, हे त्यांच्याही पायांना कळलं.

वहिनीला मी पहिल्या दिवशी पहिल्या संगणकापुढं बसवलं. दिलेला शब्द होता. उंदीर हातात धरायला ती बिचकली, म्हणाली, "हा पळायचा." आठवडाभरात तो तिच्या हाताखाली गरीब होऊन बसला. पुढच्या वर्षी ती आणि आणखी काही जणी महाडला सरकारी परीक्षेला गेल्या. एसटीत त्यांनी इतका गोंधळ घातला की कंडक्टरनं विचारलं, लग्नाला चाललात काय. "परीक्षेला!" सगळ्या एका सुरात. सगळ्या पास झाल्या. वहिनीला माझ्यापेक्षा जास्त मार्क पडले. हे लिहिताना मला त्रास होत नाही, थोडा होतो.

मग मला महाड औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याच्या ऑफिसात नोकरी लागली. केंद्र चालवायचं कोणी? गावकीत मी नाव सुचवायला उठले तर काका म्हणाले, "बस गो. ठरलंय ते." वाडीनं वहिनीला नेमलं.

काही महिन्यांनी सुट्टीला आले तेव्हा पिशवी घरी टाकून मी थेट केंद्रावर गेले. वळण घेतलं आणि दारातून आत घुसले. संगणकांपुढं पोरं, सुना, कारखान्यातून पाळी करून आलेले दोन बाप्ये. फळ्यापाशी वहिनी, हातात खडू. मला बघून तिचे डोळे हसले, पण हात थांबला नाही.

"वन्स, बाहेर बसा जरा," ती म्हणाली. "वर्ग चालू हाय."

बी.कॉम. झालेली मी निमूट पडवीत येऊन बसले. एवढा मान मला कुणी दिला नव्हता. आत एक बाप्या विचारत होता, "वैनी, लिवलेलं पुसायचं कसं?"

"आधी काय तरी लिवा तर खरं," वहिनी म्हणाली. "मग पुसायचं बघू."